एकच जागा, बारा फोटो

"मामा, डोंगर कुठे गेला?"

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी भाची माझ्या नाकासमोर मोबाइल नाचवत विचारत होती. आम्ही हिंगोलीहून एस.टी.नं औंढा नागनाथला जाऊन आलो होतो. औंढ्याच्या आसपास सपाट रानं संपतात आणि डोंगर सुरू होतात. बाईसाहेबांनी धावत्या गाडीच्या खिडकीतून, स्टँडवर उतरल्यावर, दर्शन झाल्यावर असे मोजून चौसष्ट फोटो काढले होते. घरी येऊन बघते तर काय, डोळ्यांपुढे भिंतीसारखा उभा असलेला डोंगर फोटोत नुसती एक करडी रेघ! वर भलंमोठं पांढरं आकाश, खाली भलामोठा रस्ता.

मित्रांनो, तुमचंही असं कधीतरी झालं असेलच. मग आपण म्हणतो, "जाऊ दे, आपल्याकडे फोटो काढण्यासारखं आहेच काय? काश्मीरला जायला हवं!" पण थांबा. चूक डोंगराची नाही आणि मोबाइलचीही नाही. बिघडतं कुठे ते आधी पाहू.

डोंगर लहान का होतो?

आपण डोंगराकडे बघतो तेव्हा मन आजूबाजूचं बाकी सगळं बाजूला सारतं. विजेचे खांब, टपरी, डांबर काहीच आपल्याला दिसत नाही, दिसतो तो फक्त डोंगर. कॅमेऱ्याला मन नसतं. त्यातून मोबाइलचं नेहमीचं भिंग रुंद दृश्य पकडणारं असतं. जवळचं मोठं आणि लांबचं लहान, असा त्याचा हिशेब.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे थोडा झूम करा, म्हणजे नको असलेला रस्ता आणि आकाश बाहेर जाईल. (फार झूम केलात तर मात्र मोबाइलवरचं चित्र फाटल्यासारखं दिसतं, बरं का!) दुसरा उपाय अधिक चांगला. डोंगराच्या पुढ्यात ओळखीची एखादी वस्तू येऊ द्या. बैलगाडी, झाड, शेळ्या घेऊन चाललेला गुराखी, काहीही चालेल. गुराखी केवढा असतो ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून त्याच्यामागचा डोंगर केवढा तेही लगेच कळतं.

आता एक गंमत सांगतो. इकडचे डोंगर हे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे. यांचे माथे नीट पाहा. हिमालयासारखी टोकदार शिखरं इथे नाहीत. कुणीतरी सुरीनं वरचा भाग कापून काढावा तसे हे सपाट! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. त्या थरांचेच हे डोंगर, म्हणून त्यांच्या अंगावर पायऱ्या दिसतात. अशा खडकाला भूगोलाच्या पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय.

पण भर दुपारी बाराला गेलात तर या पायऱ्या तुम्हाला दिसायच्याच नाहीत. का?

उजेड पाहून निघा

दुपारी सूर्य डोक्यावर असतो. सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात आणि डोंगर सपाट, फिका दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असला की उजेड तिरका येतो. मग प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते. तोच डोंगर, पण आता त्याच्या अंगावरची प्रत्येक घडी मोजून घ्या!

रंगही बदलतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना हवेतून कितीतरी लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा उजेड जास्त पोचतो. तो काळ्या जमिनीवर आणि वाळक्या गवतावर पडला की सगळं रान हळदीसारखं दिसतं. लांबच्या डोंगररांगा निळसर दिसतात त्याचं कारणही हेच विखुरणं. जवळची रांग गडद, तिच्यामागची फिकी, तिच्यामागची त्याहून फिकी. फोटोत अशा तीन रांगा आल्या की तो आपोआप खोल दिसतो.

म्हणून भाचीला मी सांगितलं, "उद्या आधी घड्याळ बघायचं, मग एस.टी.चं वेळापत्रक, आणि कॅमेरा शेवटी!"

पाण्याचा आरसा

दुसऱ्या दिवशी आम्ही सिद्धेश्वरला गेलो. हिंगोली जिल्ह्यात मोठी तळी आहेत ती बहुतेक धरणांची. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी. ते आहे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरजवळ, पण त्याचं पाणी हिंगोलीच्या सेनगाव तालुक्याला लागूनच. त्याच्या खाली आपल्या औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. ही दोन्ही धरणं १९६८ साली पुरी झाली. आणि कळमनुरीच्या बाजूला, यवतमाळच्या सीमेवर, पैनगंगेवरचं इसापूर.

सिद्धेश्वरचा मातीचा बांध सहा किलोमीटरहून लांब आहे. एवढा बांध फोटोत मावायचा कसा? भाचीनं पुष्कळ मागे-पुढे करून पाहिलं. शेवटी म्हणाली, "मामा, नाही मावत." मी म्हटलं, "मग मावेल तेवढाच घे ना!" सगळं एकाच फोटोत कोंबायचं नाही, हाही एक धडाच. बांधाचं एक वळण, त्याच्या कडेनं पाणी आणि पलीकडे एक टेकडी. झालं चित्र.

पाण्यात प्रतिबिंब हवं असेल तर भल्या पहाटे जा. तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. ऊन तापलं की वारा सुटतो, पाण्यावर सुरकुत्या येतात आणि आरसा फुटतो. कॅमेरा जितका खाली, पाण्याजवळ धराल, तितकं प्रतिबिंब भरून येतं. क्षितिजाची रेघ मात्र सरळ ठेवा, नाहीतर तळ्यातलं सगळं पाणी एका बाजूनं सांडतंय असं वाटेल! आकाश पांढरंफटक येत असेल तर पडद्यावर आकाशाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. मावळतीसाठी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाण्यापलीकडे जाईल.

आम्ही असे उभे होतो तेव्हा एक म्हातारे बाबा म्हशी घेऊन आले. आमची लगबग थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कशाचे फोटू काढता पोरी? पाण्याचे?"

"हो आजोबा, किती छान दिसतंय!"

"दिसतंय खरं. त्या तिथं, जिथं ती बगळी बसलीय ना, तिथं खाली आमच्या बापाची जमीन हाय. काळी कसदार. उन्हाळ्यात पाणी लई आटलं तर बांध दिसतो. मी बघून येतो."

भाची गप्प झाली. आपण 'तळं' म्हणतो ते आधी कुणाचं तरी शेत होतं, हे तिला माहीतच नव्हतं. या पाण्यानं खालच्या गावांची शेतं भिजली, नळाला पाणी आलं, हे खरंच. पण त्यासाठी वरच्या लोकांनी आपल्या जमिनी सोडल्या. तिचा फोटो सुंदर आला होता, पण यातलं काहीच त्यात दिसत नव्हतं.

परतताना एस.टी.त तिनं विचारलं, "मामा, उन्हाळ्यात परत येऊ या? त्यांचा बांध दिसतो का बघायला?"

तिथून आमचा बारा फोटोंचा खेळ सुरू झाला.

एकच जागा, बारा वेळा

खेळ सोपा आहे. एक जागा ठरवायची आणि वर्षभर दर महिन्याला तिथूनच एक फोटो काढायचा. तोच दगड, तीच उंची, तेवढाच झूम. समोरची एखादी न हलणारी खूण, म्हणजे टेकडीचं टोक किंवा देवळाचा कळस, दर वेळी फोटोत त्याच ठिकाणी आली पाहिजे. घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. वहीत तारीख, वेळ आणि दिसेल ते लिहायचं.

हिंगोलीसारख्या ठिकाणी या खेळाला खरी मजा येते, कारण इथलं रान वर्षभर एका रंगाचं राहतच नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार आणि शेतात सोयाबीन. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की काळी माती उघडी पडते. चांगला पाऊस झाला असेल तर तेव्हा तळी काठोकाठ. थंडीत पाण्यावर चक्रवाक उतरतात. ही बदकं थेट हिमालयापलीकडून येतात. सकाळी काठावर धुकं असतं.

मग साग आपली सुपाएवढी पानं टाकून देतो. तो आजारी नसतो, बरं का! पानांतून पाणी उडून जातं, म्हणून पाण्याच्या टंचाईत तो पानंच ठेवत नाही. जंगलात नुसत्या काड्या दिसू लागतात, आणि फोटो काढणाऱ्यासाठी तीच चांगली वेळ. पावसाळ्यात पानांमागे दडलेली डोंगराची उतरण, नाल्याची वाट, लांब उभा असलेला रोही आता दिसतात. होळीच्या सुमारास त्या काड्यांमध्ये पळस पेटतो, सगळा केशरी. खाली वसमतकडे तेव्हा हळद शिजवून खळ्यांवर वाळत घातलेली असते. आणि एप्रिल-मे आला की तळं आक्रसत जातं. पाण्याच्या कडेला गाळाचे पट्टे उमटतात, जणू पातळीच्या रेघाच.

एकेक फोटो साधाच असतो. पण बारा फोटो ओळीनं लावले की एका वर्षाच्या पाण्याचा हिशेब समोर येतो. २०१५ साली मराठवाड्यात पावसानं दगा दिला. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तेव्हा कुणी आपल्या गावच्या तळ्याचे असे बारा फोटो काढून ठेवले असतील, तर आज त्यांचं मोल केवढं असेल, विचार करा!

आणि फक्त पाणीच बदलतं असं नाही. औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही मोठी वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचा किरण धावेल आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. तिथलं माळरान पूर्वी कसं होतं, हे पुढे कुणाला दाखवायचं झालं तर जुना फोटोच लागेल.

खेचरांवर लादलेल्या काचा

निसर्गाच्या फोटोनं काय होऊ शकतं, याची एक खरी गोष्ट सांगतो. १८७१ साली अमेरिकेत सरकारी मोजणीचं एक पथक यलोस्टोनच्या डोंगराळ जंगलात गेलं. त्यात विल्यम हेन्री जॅक्सन नावाचा फोटोग्राफर होता. तेव्हा फोटो काचेवर निघायचे. काचेला रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. हा सगळा पसारा खेचरांवर लादून तो डोंगर चढला. उकळत्या पाण्याचे झरे, धबधबे, तळी यांचे त्याचे फोटो तिथल्या खासदारांनी पाहिले. पथकाचे अहवाल आणि चित्रकार थॉमस मोरानची चित्रंही होती. १ मार्च १८७२ ला कायदा झाला आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलं गेलं.

आपल्या भागालाही असा एक मोठा फोटोग्राफर लाभला होता. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्याच संस्थानचे दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. भले थोरले कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा घेऊन ते गावोगाव हिंडले. एक फोटो काढायचा तर केवढी तयारी! चौसष्ट फोटो फटाफट काढायची सोयच नव्हती. म्हणून तर आधी डोळे भरून पाहणं, हे त्यांना भागच होतं.

निघण्यापूर्वी एवढं वाचा

• आज आपल्याला फक्त बाराच फोटो काढायचे आहेत, असं ठरवून निघा. पाहणं आपोआप वाढेल.

• हात हलत असेल तर मोबाइल दगडावर किंवा दप्तरावर टेकवा आणि टायमर लावा.

• आटत्या तळ्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत मात्र पाय रुततो. काठापासून लांबच राहा. सेल्फीसाठी पाण्याकडे पाठ करून मागे सरकणं तर मुळीच नको.

• धरणावर फोटोला मनाई असेल तर तसा फलक असतो. तो वाचा. शंका आली तर तिथल्या माणसाला विचारा.

• जंगलात जायचं तर वनरक्षकांना विचारून. उन्हाळ्यात तिथे आगकाडी नको. एका ठिणगीनं अख्खी टेकडी जळते.

• माणसांचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. जमलं तर त्यांना तो दाखवाही.

आमचे बारा फोटो पुरे झाले. मे महिन्याच्या फोटोत गाळाच्या पट्ट्यांमध्ये एक बारीक, सरळ काळी रेघ आली होती. भाचीनं तो फोटो मोठा करून घेतला आणि बाबांना शोधून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो उन्हात लांब धरून पाहिला. मग रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "हाच. हाच तो बांध. ह्याच्या अल्याड बोर व्हती."

तुमच्या गावाजवळही एखादं तळं, टेकडी नाहीतर ओढा असेलच. येत्या रविवारी जागा ठरवा, दगडाला खूण करा आणि पहिला फोटो काढा. वहीत तारीख टाकायला मात्र विसरू नका!