वेब मानके

संकेतस्थळांची पाने कशी लिहावीत आणि ब्राउझरने ती कशी दाखवावीत, याविषयीच्या सर्वांना खुल्या असलेल्या लिखित नियमांना वेब मानके असे म्हणतात. एकच पान निरनिराळ्या ब्राउझरांमध्ये नीट वाचता व वापरता येणे, म्हणजे ब्राउझर-सुसंगतता होय. ही मानके कायद्याप्रमाणे बंधनकारक नसतात. ब्राउझर तयार करणारे आणि पाने लिहिणारे या दोघांनीही ती पाळली, तरच ती उपयोगी ठरतात.

प्रमुख मानके

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. पानाची रचना एचटीएमएल, स्वरूप सीएसएस आणि वर्तन जावास्क्रिप्ट या भाषांनी ठरते. सीएसएसचे मानक ही संस्था ठरवते. जावास्क्रिप्टचे मानक एक्मा या संस्थेकडे आहे, तर एचटीएमएलचे मानक २०१९ च्या करारानुसार व्हॉटडब्ल्यूजी हा गट सांभाळतो. अक्षरांच्या संकेतांसाठी युनिकोड हे मानक वापरले जाते.

विसंगतीचा काळ

१९९५ नंतर नेटस्केप नॅव्हिगेटर आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात तीव्र स्पर्धा सुरू झाली. नेटस्केपने अक्षरे लुकलुकविणारी, तर एक्सप्लोररने मजकूर सरकविणारी स्वतंत्र खूण आणली. एकाच ब्राउझरसाठी बनविलेली पाने दुसऱ्यात विस्कटू लागली आणि ‘अमुक ब्राउझर वापरावा’ अशा सूचना संकेतस्थळांवर झळकू लागल्या.

चौकटीच्या रुंदीचा प्रश्न हे या विसंगतीचे ठळक उदाहरण होय. समजा, चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंची आतील मोकळी जागा प्रत्येकी २० आणि कडा प्रत्येकी ५ पिक्सेल आहे. मानकानुसार ३०० ही केवळ मजकुराची रुंदी असल्याने चौकट एकूण ३५० पिक्सेल जागा व्यापते. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र कडा व मोकळी जागा ३०० मध्येच धरत असे. त्यामुळे एका ब्राउझरमध्ये शेजारी बसणारे स्तंभ दुसऱ्यात एकाखाली एक घसरत.

मानके पाळली जावीत यासाठी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ उभी राहिली. तिने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲसिड २’ चाचणीत मानके नीट पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये हसरा चेहरा दिसे. इतरांत तो विद्रूप होई.

मराठी संकेतस्थळे

मराठी वाचकांना मानकांच्या अभावाची झळ अधिक बसली. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांत साठविलेला असे आणि देवनागरी रूप केवळ त्या फॉन्टमुळे दिसे. फॉन्ट नसल्यास वाचकापुढे निरर्थक रोमन अक्षरे येत. पानाबरोबर फॉन्ट पाठविण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच चाले. अशा मजकुरात मराठी शब्दाचा शोधही घेता येत नसे.

युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला निश्चित संकेत मिळाला. तरीही तो नीट दाखविणे ब्राउझर व संगणकप्रणालीवर अवलंबून राहिले. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीचा संकेत ‘क’नंतर साठविला जातो, परंतु ती ‘क’आधी दिसावी लागते. जुन्या प्रणालींत ती चुकीच्या जागी पडे व जोडाक्षरे सुटी होत. ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र संकेत मिळाला. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. त्यामुळे दिसायला सारखाच शब्द शोधात सापडेलच असे नाही.

सुसंगत पानासाठी घ्यावयाची काळजी

• ब्राउझरचे नाव तपासण्याऐवजी आवश्यक ती सोय उपलब्ध आहे का, हे तपासावे.
• सजावट किंवा जावास्क्रिप्ट चालली नाही, तरी मूळ मजकूर वाचता यावा.
• पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. त्यामुळे काही फॉन्ट ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाने दाखवतात आणि पान वाचून दाखविणाऱ्या साधनांना योग्य उच्चार निवडता येतो.
• भिन्न इंजिनांच्या ब्राउझरांत व लहान पडद्यावर पान पाहावे.

सद्यःस्थिती

२०२२ पासून ‘इंटरॉप’ या उपक्रमात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदी संस्था विसंगती कमी करण्यासाठी एकत्र काम करतात. मात्र क्रोम, एज व ऑपेरा हे ब्राउझर आता ब्लिंक या एकाच इंजिनावर चालतात. सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको ही इंजिने वेगळी आहेत. एकाच इंजिनाचे प्राबल्य वाढल्यास त्याचे वर्तन हाच नियम मानला जाण्याचा धोका असतो. तसे झाल्यास, जुनी उपकरणे किंवा वेगळा ब्राउझर वापरणारे वाचक पुन्हा वंचित राहू शकतात.