गर्भ, प्रसूती आणि नवजात : शरीयतीची दृष्टी

१९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा बनलेल्या जालन्यात, अंबड-भोकरदनपासून परतूर-मंठ्यापर्यंतच्या मुस्लिम कुटुंबांना प्रसूतिकाळी पडणाऱ्या धर्मप्रश्नांची ही संक्षिप्त नोंद.

● गर्भपात : हदीसच्या आधारे बहुसंख्य फकीह (इस्लामी विधिशास्त्रज्ञ) १२० दिवसांनी गर्भात आत्मा प्रविष्ट होतो असे मानतात, त्यानंतर मातेच्या प्राणरक्षणावाचून गर्भपात निषिद्ध ठरतो, त्यापूर्वीच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. गर्भात गंभीर व असाध्य व्यंग असल्यास या मुदतीच्या आत अनुमती देता येते, असा निर्णय मक्केच्या फिकह (इस्लामी विधिशास्त्र) परिषदेने १९९० मध्ये दिला. भारतीय कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट प्रवर्गातील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा देतो.

● रोजा : स्वतःस अथवा बालकास अपाय होण्याचे भय असल्यास गर्भवती व स्तनदा मातेला रमजानच्या रोज्यांतून सवलत आहे.

● स्तनपान : कुराणात पूर्ण दोन वर्षांचा कालावधी सांगितला आहे. परस्त्रीच्या दुधाने विवाहास प्रतिबंध करणारे दुग्धनाते जडते, म्हणून १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने मातृदुग्धपेढ्यांना मनाई केली.

● कन्यारक्षण : कन्याहत्येचा कुराणाने निःसंदिग्ध धिक्कार केला आहे; गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्यानेही गुन्हा ठरते.

शंका असल्यास गर्भारपणातच डॉक्टर आणि आलिम (धर्मविद्वान) या दोघांचाही सल्ला घ्यावा. प्राणसंकटात मात्र फतव्याची वाट न पाहता मातेला तत्काळ रुग्णालयात न्यावे.