भुईमुगाला युरिया किती?

अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा कारखाना आहे. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतलं नत्र यांच्यापासून तिथे आधी अमोनिया तयार होतो, मग युरिया. हवेत 78 टक्के नत्र असलं तरी त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला चारशे अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हेच काम भुईमुगाच्या मुळावर मोहरीएवढ्या गाठींत, मातीच्या साध्या उबेत चालतं. तिथले कारागीर म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. शेंगवर्गीय पिकांचं हे गुपित 1886 साली जर्मनीत हेलरीगेल यांनी उलगडलं.

भात निघाल्यावर खाचरात भुईमूग घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. भाताला युरिया टाकला की शेत हिरवंगार होतं आणि दाणाही भरतो. भुईमूगही हिरवागार होतो, पण शेंगा त्या मानाने लागत नाहीत. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसायचं थांबवतं आणि सगळा जोर पाल्यात जातो.

मग नत्र द्यायचंच नाही का? द्यायचं, पण सुरुवातीपुरतं. गाठी कामाला लागायला तीनेक आठवडे जातात आणि तोवर बियाण्यातली शिदोरी संपते. तेवढ्यासाठी पेरणीच्या वेळी हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एवढं नत्र सुमारे 54 किलो युरियातून, म्हणजे सव्वा गोणीच्या आतच मिळतं. एक टन शेंगांमागे पिकाला 50 ते 60 किलो नत्र लागतं. उरलेल्यातला मोठा वाटा गाठी उचलतात. बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळलं, तर त्यांना बळ मिळतं.

कोकणातल्या जांभ्या मातीची खरी उणीव वेगळी आहे. मुसळधार पावसाने तिच्यातलं कॅल्शियम धुऊन जातं आणि माती आम्ल होते. फुलानंतर आऱ्या जमिनीत शिरतात, त्यांच्या टोकाला शेंग धरते आणि ती आपलं कॅल्शियम थेट भोवतालच्या मातीतूनच शोषते. पानांतलं कॅल्शियम खाली उतरत नाही. म्हणून वर पाला माजलेला असतानाही खाली शेंगा पोचट निघतात. आऱ्या सुटताना दिलेला जिप्सम ही उणीव भरून काढतो. युरियाच्या कितीही गोण्या ओतल्या तरी ती भरत नाही.

पीक महिना-सव्वा महिन्याचं झालं की दुसऱ्या हप्त्याची गोणी फोडण्याआधी एक रोप मातीसकट अलगद खणून काढा. मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर जिवाणू कामाला लागले आहेत. ती गोणी भातासाठी राखून ठेवा.