झाड तहानले की बुडाले?



वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेवर मुलीचे लग्न होते, मुलाचे शिक्षण होते. अशा बागेतले झाड वाळू लागले म्हणजे घरचे माणूस आजारी पडल्यासारखे वाटते.

आमच्या वावरातले एक झाड असेच आजारले. पाने पिवळी पडून लोंबली. आम्हांला वाटले, झाड तहानले. आम्ही आणखी ओलित केले. पाने आणखीच गळाली. शेवटी बुंध्याजवळ उकरून पाहिले, तो काय! माती चिखलासारखी ओली. मुळ्या काळ्या पडलेल्या. हात लावताच साल सुटून येई. झाड तहानेने मरत नव्हते, बुडून मरत होते. चूक आमचीच होती.

असे का होते? मुळ्यांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. आपली वऱ्हाडची काळी जमीन भारी. ती पाणी धरते, लवकर सोडत नाही. पाणी साचले की हवा निघून जाते आणि मुळ्या गुदमरतात. गुदमरलेली मुळी पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे राहूनही झाड सुकते.

त्यातच फायटोफ्थोरा नावाचा रोग शिरतो. त्याचे बीज डोळ्यांना दिसत नाही. ते साचल्या पाण्यातून पोहत मुळ्यांना गाठते. मग बुंध्यातून डिंक गळतो. यालाच आपण डिंक्या म्हणतो.

आता उपाय ऐका.

१. आधी ओलित थांबवा. वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर पाणी देऊ नका.

२. झाडांच्या ओळींमधून उताराच्या दिशेने हातभर खोल चर खणा. पावसाचे पाणी धुऱ्याबाहेर गेले पाहिजे.

३. बुंध्यावर चढवलेली माती काढा. कलमाचा जोड उघडा राहू द्या.

४. सडलेली साल धारदार चाकूने खरवडा व जाळून टाका. जखमेवर बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवा. मग दोन्ही एकत्र ढवळा. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. मोरचूद विषारी आहे, लेकरांपासून दूर ठेवा. पावसाळ्याआधी व नंतर हा मलम बुंध्याला लावावा.

५. पुढे पाणी देताना दोन आळी करा. एक बुंध्याभोवती लहान, दुसरे फांद्यांच्या घेराएवढे. पाणी दोहोंच्या मधे सोडा. बुंधा कोरडा राहील.

६. आजारी झाडाला लगेच भरपूर खत घालू नका. तापकऱ्याला कोणी पुरणपोळी वाढतो का? नवी पालवी फुटेपर्यंत धीर धरा.

साल चहूकडून सडली असेल तर मात्र ते झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून जाळा. शंका आली तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ते १९६९ साली आपल्यासाठीच निघाले. तेथे विचारायला लाजू नका.

आमच्या झाडाला पुढे पालवी आली. अर्ध्या फांद्या गेल्या, पण झाड राहिले. अंगणातल्या तुळशीच्या कुंडीलाही हाच नियम लागतो. आज घरी गेल्यावर तिच्या बुडाचे भोक बुजले नाही ना, तेवढे पाहा.