झग्याखाली चिलखत

२ नोव्हेंबर २००३. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं आइस हॉकीचं स्टेडियम. उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन इथे अँग्लिकन पंथाचे बिशप झाले, तेही पायघोळ झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून. जिवे मारण्याच्या धमक्याच तशा होत्या. जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी १९९८च्या लँबेथ परिषदेत ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी संबंध बायबलशी विसंगत ठरवले होते. त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचं म्हणणं ऐकून घेण्याचं वचनही होतं, पण २००८च्या परिषदेचं आमंत्रण रॉबिन्सन यांना मिळालंच नाही! इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये डिसेंबर २०२३पासून समलिंगी जोडप्यांना नेहमीच्या उपासनेत आशीर्वाद मिळतो. लग्न मात्र तिथे अजून लागत नाही.