खनिज तेल व नैसर्गिक वायू : एका कुळाची दोन रूपे

गडहिंग्लजच्या घरोघरी स्वयंपाकासाठी जो सिलिंडर वापरला जातो त्यातील पदार्थ द्रव म्हणावा की वायू, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. सिलिंडरमध्ये दाबाखाली तो द्रव असतो. शेगडीपर्यंत येईतो त्याचा वायू झालेला असतो. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे नातेही असेच आहे. ही दोन भिन्न खनिजे नसून एकाच हायड्रोकार्बन-कुळाची दोन रूपे होत.

या कुळात रेणूमधील कार्बन-अणूंची संख्या वाढेल तसा उत्कलनबिंदू चढत जातो. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक जो मिथेन, त्यात एकच कार्बन-अणू असून तो उणे १६१ अंश सेल्सियसला उकळतो. तीन कार्बन-अणूंचा प्रोपेन उणे ४२ अंशांना, चारांचा ब्यूटेन शून्याच्या आसपास, तर पाचांचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो. सिलिंडरमध्ये असतात ते प्रोपेन व ब्यूटेन, म्हणजे सीमेवरचे घटक. म्हणूनच ते तेलशुद्धीकरणातून मिळतात, तसेच नैसर्गिक वायूतूनही वेगळे काढता येतात.

दोहोंचा उगमही एकच आहे. गाळात गाडले गेलेले सूक्ष्म जीवांचे व वनस्पतींचे अवशेष सुमारे ६० ते १२० अंश तपमानात तेलाचे रूप घेतात. तपमान याहून बरेच वाढल्यास मोठे रेणू भंगून वायू होतो. गडहिंग्लज परिसरातील दख्खनचा बेसाल्ट लाव्हारसापासून बनलेला असल्याने त्यात असा जैव गाळ नाही. मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रखोऱ्यात मात्र हाच बेसाल्ट बऱ्याच भागात तळाशी राहिला आणि त्यावर गाळाचे जाड थर साचले. तेथेच १९७४ साली मुंबई हाय क्षेत्राचा शोध लागला व १९७६ साली उत्पादन सुरू झाले. त्याच खोऱ्यातील वसई क्षेत्र मुख्यतः वायूचे आहे.

तेलसाठ्याच्या सच्छिद्र खडकात खाली पाणी, त्यावर तेल व काही ठिकाणी सर्वांत वर मुक्त वायू असतो. याशिवाय पुष्कळसा वायू, बंद बाटलीतील सोडावॉटरप्रमाणे, तेलातच विरघळलेला असतो. या वायूमुळे तेल पातळ राहते आणि विहिरीकडे ढकललेही जाते. दाब एकदम उतरू दिला तर वायू सुटून निघून जातो, मागे राहिलेले तेल दाट होते आणि त्याचा मोठा भाग खडकातच अडकून पडतो. यास्तव दाब टिकविण्यासाठी साठ्यात पाणी अथवा वायू पुन्हा सोडतात. मुंबई हायमध्ये पाणी सोडण्याचा उपाय योजण्यात आला.

तेलाबरोबर वर आलेल्या वायूचे काय करावे, हा यातूनच उद्भवणारा प्रश्न होय. तेल जहाजातून नेता येते; वायूला नळ हवा. मुंबई हायच्या आरंभीच्या वर्षांत यातील बराचसा वायू समुद्रावरच जाळला जाई. उरणपर्यंत समुद्रतळावरून नळ आल्यावर तोच वायू वीज, खते व घरगुती इंधन यांच्या उपयोगी पडला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तेलक्षेत्राची योजना आखताना वायूचा विचार तेलानंतर करण्याची सोय नाही. एकाचा उपसा ठरविला की दुसऱ्याचे भवितव्यही त्याच निर्णयात ठरून जाते.