वेदना, व्रत आणि परिचारिका

खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या बाजारपेठांत कापूस आणि धान्याच्या व्यापारात आयुष्य वेचलेल्या पिढीला कंबरदुखी, गुडघेदुखी नवी नाही. गादीवर तासन् तास बसून ती अंगवळणी पडते. मात्र कर्करोगावरील उपचारांसाठी संभाजीनगर, नागपूर वा मुंबई गाठून रुग्ण घरी परततो, तेव्हा रात्र रात्र जागवणारी वेदना निराळीच असते. ती सांगावी कोणाला?

बुलढाणा जिल्ह्यातील घरांना याचे एक उत्तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात शोधता येईल. २०१८ पासून देशभरातील उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी ही नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवीधर असते. वृद्धांची आणि असाध्य रुग्णांची काळजी तिच्या कामाचा भाग आहे.

ही दृष्टी जगाला दिली तीही मूळच्या एका परिचारिकेने. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांना पाठीच्या दुखण्यामुळे परिचर्या सोडावी लागली. त्या समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारले. शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा या चारही ठिकाणी माणसाला दुखते, हे त्यांनी मांडले. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, ते याच परंपरेत.

जैन घरात तर या चौथ्या अंगाला अधिकच महत्त्व. मॉर्फिनची साधी गोळी साधारणतः दर चार तासांनी घ्यावी लागते. चौविहार पाळणाऱ्या आजोबांनी सूर्यास्तानंतर ती नाकारली, तर पहाटेपर्यंत वेदना उसळणारच. घरच्यांना वाटते, औषध लागू पडत नाही. जाणती परिचारिका आधी नियम विचारते आणि डॉक्टरांना कळवते. मग बारा तास काम करणारी गोळी किंवा तीन दिवस त्वचेवर राहणारी पट्टी यांचा विचार होऊ शकतो. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. कॅप्सूलचे जिलेटिनचे कवच बहुधा प्राणिजन्य असते, त्यामुळे पर्यायी गोळी मागण्यात संकोच नसावा. उपवासात रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके घेणे जठराला घातक. पाणीही वर्ज्य असेल तर मूत्रपिंडालाही धोका. मॉर्फिनसोबत बद्धकोष्ठ ठरलेलेच, पण पाणी कमी घेणाऱ्याला घरच्या घरी इसबगोल देऊ नये; त्याने अवरोध वाढू शकतो.

मॉर्फिनचे नाव काढताच व्यसनाची भीती पुढे येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरत्या दिलेल्या औषधाविषयी ती बहुतांशी अनाठायी आहे. मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला.

‘कर्माचे फळ आहे, सोसलेच पाहिजे’ असे घरातले कोणी म्हणते. स्वेच्छेने केलेले तप वेगळे आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीचे कण्हणे वेगळे. रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे तर आभ्यंतर तपच मानले आहे.

परिचारिका घरी येण्याआधी एक वही तयार ठेवावी. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घराला ते जड नाही: वेदना किती वाजता उठली, शून्य ते दहामध्ये किती, औषध कधी घेतले, झोप किती लागली, कोणता नियम चालू आहे. शेवटचा रकाना सून किंवा नात आजींनाच विचारून भरते. आजपर्यंत त्यांना कोणी विचारलेलेच नसते.